मामांचं तरंगायचं जाकीट

माझे सासरे रामप्रसाद, ज्यांना मी मामा म्हणतो, म्हणजे कुंभार पिंपळगावच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या विहिरींचा तळ हाताने चाचपलेला एकमेव माणूस. कुणाची मोटार पाण्यात पडली, बादली गेली, की मोटारसायकल दारात उभी राही आणि मामांना मागे बसवून घेऊन जाई. मामा कमरेला दोर बांधत, छातीत हवा भरत, बुडी मारत आणि दीड मिनिटात त्या वस्तूला गाठ मारून वर येत. चाळीस वर्षं हाच धंदा. घरची मोसंबीची बाग मामी, म्हणजे माझ्या सासूबाई तुळजाबाई, बघतात. मी अंबडच्या कोर्टात कारकून आहे. सही-शिक्क्याशिवाय माझं पान हलत नाही आणि मामांनी जन्मात कुठलं सूचनापत्रक वाचलेलं नाही. तरी आमचं बरं चालतं, कारण ते मला जावई म्हणून मान देतात आणि मी तो निमूट घेतो.

मागच्या उन्हाळ्यात मामा साडेसात एचपीच्या मोटारीसाठी तीनदा उतरले आणि तीनदा गाठ न मारताच वर आले. श्वास पुरला नाही. चौथ्यांदा निघाले तर विहीरवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा, वय झालं." त्यानंतर कुणाची मोटारसायकल आली नाही. मामांचं जेवणावरचं मन उडालं. त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, राजनंदिनीनं, एकदा समोर बसवून विचारलंच. तर म्हणाले, "पोरी, चाळीस साल खाली जाऊन राह्यलो, पण तिथं बसलो कधी न्हाई. पोचलो की श्वास सरला. एकदा तरी बुडाशी निवांत बसायचंय. बस, मंग विहिरीचं नाव काढणार न्हाई."

राजनंदिनीला रडू आलं आणि तिनं त्याच आठवड्यात अंदमानची तीन तिकिटं काढली. तिथं पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरवणारी शिक्षिका होती कल्याणी. ती फोनवर म्हणाली, "काका, सगळं सामान इथे मिळतं. तुम्ही फक्त पोहायचे कपडे आणा."

विषय इथंच मिटायला हवा होता. पण विहिरीत उतरणाऱ्यांचा एक कायदा आहे: दुसऱ्याच्या दोरावर उतरायचं नाही. दोर आपला, गाठ आपली. "सामान त्याह्यचं अन् जीव माझा? हे बराबर न्हाई," मामा म्हणाले. हवेची टाकी विमानात नेता येणार नाही हे त्यांनी कसंबसं मान्य केलं, पण जाकीट स्वतःचंच हवं म्हणून हटून बसले. जाकीट म्हणजे काय, ते मीच समजावलं होतं. अंगात घालायचं, हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की बुडतो. मामा म्हणाले, "म्हंजे पवायला शिकताना पोरांच्या पाठीला भोपळा बांधतेत, तसं. पण लहानमोठा होणारा भोपळा." एवढं अचूक मला इंटरनेटवरही सापडलं नव्हतं.

पुण्याच्या दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं दोन जाकिटं दाखवली, एक जाडजूड आणि एक प्रवासासाठी हलकं. मामांनी बैलबाजारात बसल्यासारखी मांडी घातली.

"पाठ दाखवा. आता शिवण. वढून दाखवा. जोरात वढा की, काय खाल्लं न्हाई का सकाळी?"

दुकानदारानं ओढून दाखवली.

"उचलतं किती?"

"हलकं वालं साधारण तेरा किलो, काका."

"तेरा?" मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, साडेसातची मोटार पन्नासच्या खाली न्हाई."

मी म्हणालो, "मामा, आपल्याला मोटार काढायची नाही."

"मंग खाली जायाचं कशाला?" मामांच्या तोंडून निघून गेलं. बसायला जायचंय हे त्यांच्या स्वतःच्याच पचनी पडत नव्हतं. शेवटी आतून मामी ओरडल्या, "बैल जड घ्यावा, कपडा हलका घ्यावा! हलकं घ्या अन् फोन ठेवा, तव्यावर भाकर करपून राह्यलीय." हलकं घेतलं.

पार्सल आलं त्या दिवशी अर्धं गाव अंगणात. मामा म्हणाले, तपासल्याशिवाय पाण्यात न्यायचं नाही. यात चूक काहीच नव्हती. चूक एवढीच, की तपासायला त्यांनी राधेश्याम पंक्चरवाल्याला बोलावलं. राधेश्यामनं जाकिटात कॉम्प्रेसरनं हवा ठोसली आणि ट्यूब बुडवतात तसं ते गुरांच्या हौदात बुडवलं. खांद्याजवळून आणि कमरेजवळून बुडबुडे आले. जमलेल्या लोकांनी "अरेरे" केलं.

"मामा, फसवलं पुण्यावाल्यानं," राधेश्याम म्हणाला. "दोन वॉल लीक हायेत."

मी सूचनापत्रक काढून वाचायला घेतलं, पण ते इंग्रजीत चौसष्ट पानी होतं आणि राधेश्यामचं सोल्युशन पाच मिनिटांत वाळणारं. मी नवव्या पानावर होतो तोवर त्यानं दोन्ही ठिकाणी चिकटी मारून पुन्हा हौदात बुडवलं. एक बुडबुडा नाही. टाळ्या पडल्या. त्यानं आयुष्यभराची गॅरंटी दिली. कुणाच्या आयुष्याची ते नाही सांगितलं.

बॅग भरण्याची हकीकत मी थोडक्यातच सांगतो, कारण अजून माझं डोकं दुखतं. पंधरा किलोची मर्यादा होती. मामींनी कल्याणीसाठी दहा किलो मोसंबी, ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि शेंगांची चटणी भरली. "ती पोर पाण्यात हात धरणार, तिला काय नुसता नमस्कार करता?" कापसाच्या काट्यावर बॅग टांगली तर तेवीस किलो. मी म्हणालो, मोसंबी काढा. मामी म्हणाल्या, जाकीट काढा. मामांनी कुणाचंच न ऐकता जाकीट बॅगेतून काढलं आणि अंगात घातलं. तरीही सहा किलो जास्त. मग जाकिटाचे खिसे मोसंबीनं भरले, उरलेली माझ्या हँडबॅगेत गेली आणि माझे बूट घरी राहिले.

छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर जवानानं विचारलं, "ये क्या पहना है?"

"तरंगने का जाकीट है," मामा म्हणाले. "फूंक के दिखाऊं क्या?"

मी नको म्हणायच्या आत त्यांनी नळी तोंडात घातली. चाळीस वर्षांची छाती ती, जाकीट टम्म फुगलं आणि खिशातली मोसंबी एकेक करून टपाटप बाहेर पडली. रांगेतले लोक ती गोळा करून देऊ लागले. मी चपलेत उभा राहून भिंतीवरची सूचना वाचत होतो, जणू हे गृहस्थ माझे कुणीच नाहीत.

अंदमानला कल्याणीनं मोसंबी कौतुकानं घेतली. मग तिनं जाकीट हातात घेतलं, दोन्ही चिकट्यांवर बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, हे कुणी बुजवलं?"

"आमच्या राधेश्यामनं. गॅरंटीनं."

"जास्तीची हवा आपोआप निघून जावी म्हणून हे वॉल असतात. बंद केले तर जाकीट फुगत जाईल, तुम्ही थेट वर फेकले जाल, आणि फुफ्फुसाचं काही खरं नाही. हे मी पाण्यात नेऊ देणार नाही."

मामा वाळूत बसले. दोन हजार किलोमीटर अंगावर वाहून आणलेलं जाकीट मांडीवर. "मंग मी बी जात न्हाई," म्हणाले. मला मनापासून वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच. नवव्या पानावर काय वाचत बसलो होतो मी?

कल्याणी हुशार. तिनं केंद्रातली अकरा जाकिटं आणून मामांपुढे टाकली. "तुम्हीच तपासा. पसंत पडेल ते तुमचं." मामांनी अख्खी सकाळ शिवणी ओढल्या, पाण्यात बुडवलं, आणि आता मुद्दाम बुडबुडे येतात का ते पाहिलं. सातव्यावर हात ठेवला. "हे ठीक हाय."

खरी अडचण पुढेच होती. छातीइतक्या पाण्यात मामांनी हवेच्या टाकीची नळी तोंडात धरून डोकं बुडवलं आणि श्वास रोखला. कल्याणीनं वर काढलं. "काका, इथे श्वास घ्यायचा. रोखायचा नाहीच." "हां हां," म्हणाले आणि पुन्हा रोखला. पाच वेळा. पाण्याखाली श्वास घेतो तो मरतो, हे अंगात मुरलेलं. त्याला ते तरी काय करणार. सहाव्यांदा वर आले तेव्हा डोळे लाल झाले होते. "माझ्यानं व्हणार न्हाई, पोरी," ते हळूच म्हणाले. किनाऱ्यावर राजनंदिनीनं माझा दंड घट्ट धरला.

कल्याणी म्हणाली, "काका, गावात सगळ्यात जास्त शिव्या कोण देतं?"

मामा लाजले.

"मग खाली गेलं की द्या. नळीतूनच, मोठ्यानं. बोलत्या माणसाला श्वास रोखता येत नाही. थांबायचं नाही."

दोघं खाली गेले. क्षणभर काहीच नाही. मग एक बुडबुडा वर आला, मग दोन, मग फसफसत रांगच लागली. ती रांग हळूहळू खोल पाण्याकडे सरकली. राजनंदिनी हसत होती आणि रडतही होती. मी घड्याळ बघत होतो. दीड मिनिट झालं. दहा झाली. अठ्ठावीस मिनिटांनी मामा वर आले, मुखवटा काढला आणि माझ्याकडे बघून खाली मान घातली.

मी विचारलं, "मामा, शिव्या कुणाला दिल्या?"

"जावईबापू, माफ करा. तुम्हालाच. बारा साल मान देऊन राह्यलो, लई साचल्या होत्या." त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. ते सगळंच समुद्राचं नव्हतं. "पण काय सांगू... शिव्या सरल्या, अन् मी आपला खालीच. बसलेला."