आलेखातला जास्तीचा उंचवटा

विलासदादा जाऊन दीड महिना झाला, पण माझ्या डोक्यातला गुंता काही सुटत नाही. धडधाकट माणूस, सकाळी कॉलेजात जायला निघाला आणि जिन्यातच खाली बसला... हृदय थांबलं म्हणाले. तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून बसले होते : त्याच्या आलेखातला तो उंचवटा खरा होता की नाही?

माझा हा थोरला भाऊ अमरावतीला रसायनशास्त्र शिकवायचा. एकटा रेणूच चुंबक होतो, अशा पदार्थांचा त्याचा अभ्यास. इवल्याशा स्फटिकावर निरनिराळ्या लहरी सोडायच्या, तो कोणत्या गिळतो ते आलेखावर पाहायचं; त्यावरून त्याचं चुंबकत्व उलटवायला किती जोर लागेल ते कळतं. मला एवढंच समजलं, तेही बरोबर असेलच असं नाही. आमच्या मोर्शीकडे गेली काही वर्षं संत्र्याच्या बागा वाळताहेत. दादा शेवटचा आला तेव्हा बाबांनी निम्मी बाग तोडली होती. त्या खोडांकडे पाहतच त्यांनी विचारलं, "तुहं चुंबक खिळा तरी उचलते का?"

"नाई बाबा. त्याले लय थंडी लागते. बर्फाहून कितीतरी जास्त."

"मंग मोर्शीच्या उन्हात राहून थे काहून शिकला?"

दोघंही हसले. मला मात्र राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही.

त्या दुपारी दादा माझ्याजवळ बोलला. आलेखात एक जास्तीचा उंचवटा येत होता. सोबतचे म्हणत, स्फटिकात घाण असेल, सोडून द्या. त्याला सोडवेना. "घाण असन तं माही चूक. नसन तं कोणालेच माईत नाई असं काईतरी हाये." त्याने नवे, शुद्ध स्फटिक वाढवले, मोजणीसाठी मुंबईला पाठवले, आणि निकाल यायच्या आधीच गेला.

परवा त्याची विद्यार्थिनी, बार्शीटाकळीची फरहाना, आमच्या घरी आली. ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "ताई, शुद्ध स्फटिकातही तो उंचवटा आला. सरांचं बरोबर होतं. पण तो का येतो, ते अजून कोणालाच कळलं नाही."

आनंद मानावा की रडावं, मला समजेना. धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग सांग नं त्याले."

आणि मी खरंच उठले. गावी आला की तो ज्या खोलीत पडायचा, तिच्या दारापर्यंत गेले, कडीला हात लावला...

मागून बाबा म्हणाले, "झोपला असन तं राहू दे."