राग आला की आडवं व्हायचं

आज मी लोअर परळच्या एका चकाचक ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, कार्पेटवर आडवी पडले.

चक्कर नाही. बीपी नाही.

राग आला होता!

आणि हे सगळं आमच्या उस्मानचाचांमुळे. त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं, म्हणून ही पोस्ट. घाईत लिहितेय, टायपो झाले तर सांभाळून घ्या.

चाचा म्हणजे डिलाईल रोडच्या चाळीतले आमचे शेजारी. भिंतीला भिंत. मूळचे खेडकडचे, आयुष्यभर मुंबईत बस चालवली. आणि भयंकर तापट! पाण्यावरून, पार्किंगवरून, क्रिकेटवरून, कशावरूनही भडकायचे.

पण भडकले की उभे असतील तिथे मटकन खाली बसायचे. गॅलरीत, जिन्यात, कुठेही.

बसूनही राग गेला नाही, तर रुमालाची घडी डोक्याखाली घेऊन सरळ आडवे.

मग माझी आई आतून ओरडायची, "गो, चाचा आडवे झाले! काय तरी मोठा झाला वाटता!" आणि अख्खा मजला बघायला बाहेर.

एकदा मी विचारलंच. "चाचा, हे काय नाटक?"

"नाटक नाय गो. आमच्या पैगंबरसाहेबांनी सांगून ठेवलंय. राग आला नि उभा असशील तर बस. तरी नाय गेला तर आडवा हो."

"त्याने काय होतं?"

"मी आपला माझ्यापुरता अर्थ लावलाय. उभा माणूस हात चालवतो. बसलेला तोंड चालवतो. आडवा झालेला माणूस ऐकतो."

"आणि बस चालवताना हो?"

"तेव्हा बसलेलाच असतो ना! अर्धं काम झालेलं असतं. उरलेल्यावर पाणी."

आग पाण्याने विझते, म्हणून राग आला की वजू करायचा, नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुवायचे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. ड्युटीवर वजू कुठला जमायला! मग सिग्नलला बाटलीतलं पाणी तोंडावर मारायचे. असा बस ड्रायव्हर तुम्ही कधी पाहिला असेल, तर ते आमचे चाचाच.

अजून एक सांगायचे. समोरच्याला लोळवतो तो पैलवान नव्हे, रागात स्वतःला आवरतो तो पैलवान. हेही पैगंबरांचंच.

मी म्हणायचे, "चाचा, तुम्ही तर स्वतःलाच लोळवता!"

खो खो हसायचे.

सक्सेसचे रील्स मीही बघते. पहाटे उठा, गार पाण्याने आंघोळ करा, व्हिजन बोर्ड लावा. पण "आधी आडवे व्हा" असं त्यातला एकही जण सांगत नाही. खरं सांगते, तेच सांगायला हवं.

शेवटी चाचा परळला हॉस्पिटलात होते. मी वेळ संपल्यावर भेटायला गेले, वॉचमनने अडवलं, मी त्याच्याशी कडाकडा भांडून वर पोचले. कॉटशेजारी उभी राहून त्याच्या नावाने बडबडत होते.

चाचांच्या नाकात नळी. हाताने कॉटवर थाप मारली. म्हणाले, "मी आधीच आडवा हाय. आता तू बस."

मी बसले. त्यानंतर आमचं बोलणं झालंच नाही.

आता आजचं!

चाचांची बायको हमीदाचाची, मी आणि चाळीतल्या अजून तिघी मिळून जेवणाचे डबे करतो. गेले काही महिने ऑर्डरी आटल्यात. या ऑफिसच्या कँटीनचं काम मिळालं नसतं, तर किचन बंद करायचं हे आम्ही ठरवलंच होतं.

आजच मीटिंग आली. मी चाचीला म्हटलं, तू आज घरी थांब. म्हणाली, "घरी बसून काय करू? चल."

टेस्टिंग सुरू झालं. तिथल्या ॲडमिनच्या साहेबांनी चाचीच्या हातचं बांगड्याचं कालवण चाखलं, चमचा ठेवला आणि म्हणाले, "हे बघा मॅडम, फिश इथे चालणार नाही..."

संपलं! माझं डोकंच फुटलं. वासाचं कारण सांगणार, नाक मुरडणार, मला सगळं माहीत होतं. ताडकन उठले. जिभेवर काय काय आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही.

बसले.

नाही गेला.

मग गेले आडवी. सूटबूटवाल्यांच्या पायांशी, साडीत!

सगळे धावले. पाणी आणा, डॉक्टर बोलवा! चाची मात्र शांत. तिने ओढणीची घडी केली, माझ्या डोक्याखाली सरकवली आणि साहेबांना म्हणाली,

"काय नाय झालं. तुम्ही बोला साहेब. आता ती ऐकते."

साहेब बिचारे गोंधळले. पण बोलले.

"मी म्हणत होतो, इथे एसीत, बंद हॉलमध्ये चालणार नाही. वर टेरेसवर ओपन काउंटर आहे. तिथे रोज फिश लावाल का? पोरं कधीची मागे लागलीयत."

रोज!

मी पडल्या पडल्याच "हो" म्हटलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघी हसून हसून बेजार. मग चाची डोळे पुसत म्हणाली, "वर्ष झालं गो. आपल्या गॅलरीत कोण आडवंच झालं नव्हतं."

मग मात्र मी रडले. लिफ्ट खाली पोचली तरी आम्ही बाहेर पडलो नाही.

चाचा, श्रद्धांजली वगैरे जड शब्द मला जमत नाहीत. तुम्हाला सलाम. तुमची फार फार आठवण येते.

आडवा झालेला माणूस ऐकतो, असं तुम्हीच म्हणायचात ना?

मग ऐका.

काम मिळालं, चाचा!