खालचा आवाज

मारोती मेश्राम रेल्वेच्या वॅगन कारखान्यात एकतीस वर्षं रंग मारून निवृत्त झाले. किती वॅगनी रंगवल्या, ते रेल्वेलाही सांगता येणार नाही. पण बायकोचा, गोदावरीचा आवाज त्यांनी एकदाच भरून घेतला होता. शहाण्णव साली, मुलीच्या, रीनाच्या नामकरणाला. गोदावरीनं बाबासाहेबांचा पाळणा म्हटला होता. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. मोबाइलमध्ये तिचा शब्द नाही. कुणाचाही फोन आला की "तुम्हीच बोला" म्हणून ती तो नवऱ्याच्या हाती द्यायची.

राहिली ती त्या नामकरणाची व्हिडिओ कॅसेट, बुरशी चढलेली. बूढापारा मोहल्ल्यात व्हिडिओचं दुकान असलेल्या परागनं आठ दिवस खपून ती साफ केली, कॉम्प्युटरवर उतरवली आणि बापलेकींना बोलावून दाखवायला बसला.

चित्र लख्ख. पांढऱ्या साडीतली गोदावरी पाळण्याची दोरी धरून उभी राहिली, पदर सारखा केला, तोंड उघडलं. आणि एक पुरुष कुण्या हसीनेच्या जुल्फांची तारीफ करू लागला. मागे व्हायोलिनं.

"हे कोण गाऊन राहिलं?" मारोतरावांनी विचारलं.

"मिक्सिंग आहे काका. तेव्हाचे व्हिडिओवाले मूळ आवाज पुसून फिल्मी गाणं टाकत."

"मंग वरचं काढ ना. वॅगनीले तीनदा रंग मारला तरी खरवडलं का खालचा नंबर निघते."

"हा रंग नाही ना काका. खाली काहीच नसते. मिक्सिंगच्या आधीची कच्ची कॅसेट असन तर पाहा."

कच्ची कॅसेट होती. नामकरणानंतर व्हिडिओवाला नत्थू ती घेऊन घरी आला होता. "ठेवता का, का पुसून कुणाच्या लग्नात वापरू?" मारोतराव तेव्हा गाणी भरलेल्या पक्क्या कॅसेटवर खूश होते; गाणी त्यांनीच निवडून दिली होती. म्हणाले, "घेऊन जा बाप्पा. तिच्यात नुसता गोंगाट आहे."

गोदावरी दारात उभी होती. "माह्या पाळण्यावर ह्या गाणाऱ्या माणसाले काहून बसवलं?" एवढंच तिनं विचारलं. घरातले सगळे हसले. मारोतराव सगळ्यांत जास्त.

रीनाला मराठी कळतं, तोंडून हिंदी निघतं. "पापा, क्वालिटी तो मस्त है। मम्मी क्या गा रही है?"

"पाळणा."

"मैं म्यूट करती हूँ। आप साथ में बोलो ना।"

गाणं बंद झालं. मारोतराव पडद्याजवळ सरकले. पहिली ओळ त्यांनी म्हटली. ती गोदावरीच्या ओठांवर नेमकी बसली. दुसरीला ओठ भलतंच काही म्हणू लागले. त्यांनी व्हिडिओ मागे घ्यायला लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा परागनं न सांगता मागे घेतलं.

तेव्हा त्यांना दिसलं, की पाळण्यामागे, दाराशी, गोदावरीकडे पाठ करून तरणे मारोतराव नत्थूच्या माणसाला लाइट कुठं धरायचा ते समजावून सांगताहेत. पाळणा संपेपर्यंत.