दादांच्या गाडीचा पॉइंट

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांच्या जुन्या मोटारसायकलला पॉइंट होता, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन इवले तुकडे. ते सारखे काळे पडत. आयुष्यात सिगारेट न ओढलेले दादा पानटपरीवरून रिकामं पाकीट मागून आणायचे. दर रविवारी सकाळी पॉइंट घासायचा, मग पाकिटातला चंदेरी कागद त्याच्या फटीत धरून टायमिंग लावायचं. कागद नेमका कुठं सुटतो हे कळावं म्हणून मी इंजिनाचं मॅग्नेटचं चाक हळूहळू फिरवायचो. चाळिशी आली तरी माझं काम तेवढंच. दोन तास सहज जायचे आणि माझं डोकं फिरायचं.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत मी तीच गाडी न्यायचो. एका सोमवारी ती अर्ध्या वाटेत बंद पडली. साहेबांची बोलणी खाल्ली आणि ठरवलं, बास झालं हे. दादा चार दिवस कन्नडला काकांकडे गेले होते. तेवढ्यात मी मेकॅनिककडून पॉइंटच्या जागी सीडीआय बसवून घेतला. इलेक्ट्रॉनिक डबी, घासायला काहीच नाही. जुना पॉइंट भंगारात टाकू का, असं त्यानं विचारलं. मी बेफिकीर मान डोलावली.

दादा परत आले. मी त्यांच्यासमोर ऐटीत किक मारली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मला शाबासकी हवी होती. "बेस झालं," एवढंच म्हणाले. मग जुना पॉइंट कुठाय ते विचारलं. मी सांगितलं.

पुढचे दोन-तीन रविवार ते सवयीनं गाडीशेजारी स्टूल टाकून बसले. नंतर तेही बंद झालं. मी मात्र मस्त उशिरापर्यंत झोपत होतो.

एकदा चहा पिताना त्यांनी त्या डबीबद्दल विचारलं. मी लहान पोराला सांगावं तसं सगळं समजावून सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुझ्या काकाच्या गाडीला बसवायची व्हती. ते शिकायलाच तर कन्नडला गेलतो. म्हनलं, आल्यावर आपल्या गाडीला बी आपण दोघं मिळून बसवू."

दादांना सरप्राइज द्यायचं होतं, असं मी अजून सगळ्यांना सांगतो. खरं तर त्यांना हे जमेल असं मला वाटलंच नव्हतं.