बेतणारी

दुकान दोघी बहिणींचं, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. धाकटी बेतायची, थोरली शिवायची. दुकान उघडलं तेव्हापासूनची ही वाटणी. गिऱ्हाइकं धाकटीला कात्रीबाईच म्हणत.

चाळिशीला टेकल्यावर कात्रीबाईनं वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला. पदवी तिनं दुकान सांभाळूनच मिळवली होती, विषय भलताच होता, पण इथं तेही चालत होतं. अट एकच: सकाळपासून अंधार पडेपर्यंत कॉलेजात राबायचं. निवड झाली तेव्हा ताईच म्हणाली होती, जा बिनधास्त, दुकानाचं मी बघते, मला काय हात नाहीत?

पहिलंच काम मिळालं ते एका खोलीच्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं. वर्गातली पोरं तिला दुसऱ्या दिवसापासून मावशी म्हणू लागली होती. मावशीचं पातं सरसर चाललं, सगळ्यांच्या आधी भिंती कापून झाल्या. उभ्या केल्या तर कोपरे जुळेनात. प्रत्येक भिंत दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त. सरांनी मॉडेल फिरवून पाहिलं आणि ही पट्टी कशासाठी, असं विचारलं. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. शिवणीसाठी माया सोडली होती तिनं, हाताच्या सवयीनं. वर्ग हसला, तीही हसली.

रात्री जेवताना तिनं ताईला हे सांगितलं. ताई हातातला घास तसाच धरून हसत सुटली.

"अगं, घर अंगाला घट्ट झालं तर उसवून सैल करणार होतीस की काय?"

हसता हसता ताईचे डोळे वाहू लागले. हसू थांबलं तरी ते थांबेनात.

धाकटी पाणी आणायला उठली, तेव्हा तिची नजर बेतायच्या टेबलावर गेली. आलेली कापडं घडी न मोडता रचलेली, प्रत्येकावर मापाची चिठ्ठी टाचलेली. ताई आधी म्हणाली, मशीन बिघडलं होतं. मग म्हणाली, उजेड पुरत नाही. मग ताटाकडे बघत म्हणाली, "खडूनं रेघ मारते. कात्री हातात घेते. आणि तुझी वाट बघत बसते."

धाकटीनं सांगून पाहिलं, पहाटे उठून बेतून देईन, सुट्टीच्या दिवशी दिवसभर बसेन.

"नको. तू बेतून ठेवशील, ते शिवून झालं की मी पुन्हा अशीच बसून राहीन. उसवलं-फाटलं तेवढं घेईन आता. नवं नको." ताईच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी जात नाही कॉलेजला, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. ताईनं हात धुवायला उठण्याआधी जरा वाट पाहिली. धाकटीनं दोघींची ताटं उचलली.

सकाळी ताईनं कापडांची पुडकी बांधून ठेवली होती. कॉलेजच्या वाटेवरच्या गिऱ्हाइकांची धाकटीच्या पिशवीत घातली, परत करायला. पहिल्या दारात निवृत्त शाळामास्तरीणबाई हसतच पुढे आल्या.

"झाला वाटतं माझा कोट?"

वाटेत जुळवलेलं वाक्य तिला आठवेना. "कापड तसंच आहे, बाई," ती म्हणाली. "कात्री लागलेली नाही."

बाईंनी पुडकं घेतलं आणि हलकेच विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? ती नाही म्हणाली. पिशवीत अजून बरीच पुडकी होती, आणि वर्ग भरायची वेळ होत आली होती.