पानकावळ्या दादा

"पानकावळ्या दादा, पंख वाळीव खडकावरी." जात्यावर बसलं की शेजारची काकी ही ओवीची पैली वळ मला म्हनाया लावायची. दुसरी तिची. ती कुनाला म्हनू द्यायची न्हाई. "सांग माज्या राघूची गं, बोट लागली का बंदरी?"

राघू म्हंजी तिचा लेक. एकुलता. आमच्याकडची पोरं पलटनीत जात्यात, ह्यो आरमारात गेला. काकीनं दर्या कवा बघितला न्हवता. उंब्रजच्या बाजाराफुडं तिची दुनिया न्हाई.

तुमी बी बघितला आसंल पानकावळा. काळा कुळकुळीत. बुडी मारून आला की खडकावर पंख पसरून बसतोय, वल्लं लुगडं वाळत घातल्यावानी. काकी म्हनायची, "दर्यावरनं येतोय गं त्यो. एवढं भिजाया नदीचं पानी पुरतं व्हय?"

"मग काकी, वाईच मीठ माग की त्याला. घरातलं सरलंय."

"तू माग मीठ. मी सांगावा मागती."

दुष्काळाचं साल. रेशनची लाल मिलो जवारी दळायचो, भाकरी थापली की फुटायची. त्याच साली माजं मधलं पोर गेलं. दुसऱ्या दिशी दळाया तर बसावंच लागलं. काकी त्या दिशी गायली न्हाई. निस्ती खुंट्याला हात लावून माज्यासंगं जातं वढत ऱ्हायली.

मग काकीला तार आली. राघूची बोट बुडाली, मानूस घावलं न्हाई.

दहाव्याला समदं गाव नदीवर. पिंड मांडला. कावळं आलं, झाडावर बसलं, खाली कोन उतरंना. काकीचा दीर हात जोडून म्हनला, "बाळा, तुज्या आईला अंतर देनार न्हाई." तरी शिवंना. ऊन चढलं.

दीर म्हनला, "वैनी, आता दर्भाचा कावळा करू, त्यो शिववू."

"न्हाई. ह्या गावच्या कावळ्यास्नी दर्या काय ठावं? त्याला बलवा." काकीनं खडकावरच्या पानकावळ्याकडं बोट केलं.

"आवं, त्यो कावळा न्हवं! मासं खातोय त्यो, भात न्हाई."

"नावात कावळा हाय न्हवं?"

आन् तिनं गळ्यातली तुळशीची माळ काढून माज्या हातात दिली. जल्मात वशाट न शिवल्याली बाई, गुडघाभर पान्यात शिरली, पदराची झोळी केली. एक चिंगळी मासळी घावली. ती आनून पिंडावर ठिवली. भटजी मागं सरलं. मासळी तडफडली, भातावरनं घसरली आन् पान्यात गेली.

तवाच पानकावळ्यानं बुडी मारली. वर आला तर चोचीत मासा. त्योच का दुसरा, देव जाने.

काकी वळली. "शिवला न्हवं?"

दिरानं डोक्याच्या टापशीनं डोळं पुसलं. "व्हय वैनी. शिवला."

माळ मागं द्याया गेले तर म्हनली, "ऱ्हाऊ दे. मासं धरल्यालं हात हायत."

फुडं जात्यावर ती कवा गायली न्हाई. दोन सालानं गेली. तिच्या पिंडाला कावळा लगीच शिवला, मानसं मागं सरायच्या आदी. तिचं काय मागं उरलंच न्हवतं.

आता समजतंय, त्यो पानकावळा आमच्याच नदीचा. दर्या त्यानं बी बघितला नसंल.

काकीच्या दहाव्याला बी त्यो खडकावर पंख पसरून बसला व्हता. मी हळूच म्हनलं, "पानकावळ्या दादा, पंख वाळीव खडकावरी."

आन् सवयीनं दुसऱ्या वळीची वाट बघत ऱ्हायले.