म्हशीच्या तोंडाचा राक्षस

अनुजा घरात बसून राक्षस काढते. गंगावेशीत, आमच्या पेठेत, कुणालाही विचारा, हेच सांगतील आणि वर हसतील. तिचे वडील, आण्णा, खाली गोठ्यात म्हशी धुतात आणि ही माडीवर कॉम्प्युटरपुढं पऱ्या, बोलके पक्षी, दोन शेपटांचे साप तयार करते. पुण्यातली एक कंपनी मुलांसाठी परीकथांची मालिका करते आहे. बाकीची पात्रं पसंत पडली होती. राक्षस पसंत पडला की वर्षभराचं काम पक्कं, नाहीतर सगळंच दुसऱ्याकडं जाणार होतं.

राक्षसाचं तोंड म्हशीचं हवं होतं. अनुजाला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ. तिनं शिंगं रंगवली, गळ्यात कवड्यांचा पट्टा घातला, कपाळावर मोरपिसं खोवली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी अशाच नटवतात आणि मालकाच्या एका हाकेसरशी त्या त्याच्या मोटरसायकलमागं धावत सुटतात.

कंपनीतल्या राजवर्धनचा फोन आला. "सुंदर आहे. पण मुलांना दाखवला तर ती म्हणतात, याला घरी नेऊया. भीती वाटायला हवी हो."

अनुजानं सुळे लावले, तोंड लाल केलं. म्हैस ती म्हैसच राहिली, फक्त पान खाल्लेली. पुन्हा नापास. सोमवारपर्यंतची शेवटची मुदत मिळाली. आता म्हशीला घाबरायचं कसं, हे या घरात कुणी शिकवलंच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

मग तिला चंद्री आठवली. महापुरात गोठ्यात पाणी शिरलं, तेव्हा आण्णांनी दावी कापून म्हशी सोडल्या होत्या. बाकीच्या परत आल्या. चंद्री बऱ्याच दिवसांनी गावाबाहेर कळंब्याच्या बाजूला सापडली. आण्णांनी हाक मारली. एरवी त्या हाकेवर ती भरल्या रस्त्यातून धावत यायची. त्या दिवशी तिनं मान वर करून आण्णांकडं पाहिलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. ओढत घरी आणली, पण ती फार दिवस जगली नाही. अनुजाला म्हशीची भीती वाटली ती त्या नजरेची, तेवढीच. आण्णांनी त्यानंतर चंद्रीचं नाव घेतलं नाही.

अनुजानं रंग पुसला, कवड्या, मोरपिसं, सुळे सगळं काढलं. उरलं ओलं काळं अंग आणि ओळख नसलेले डोळे. चंद्रीला राक्षस केल्याचं तिला वाईट वाटत होतं आणि काम तर हवंच होतं. लपवावं की दाखवावं या विचारात असतानाच आण्णा चहाला वर आले आणि पडद्यापुढं उभे राहिले.

"हाक मारल्यावर येती का गं ही?"

"न्हाय, आण्णा."

"मग धाड की. राक्षसच हाय."

चित्र गेलं आणि पसंतही पडलं. त्या संध्याकाळी आण्णा गोठ्यात एकेका म्हशीला नावानं हाक मारत होते. सगळ्या समोरच बांधलेल्या होत्या, हाकेचं काही कारण नव्हतं. शेवटच्या म्हशीनं मान वळवली, तेव्हा ते जेवायला वर आले.